आषाढीच्या आधी बी, दसऱ्याला तोरण : घरच्या घरी झेंडू

झेंडू उगवणं कुणालाच अवघड जात नाही. वाळलेला हार कुंडीत कुस्करून टाकला तरी आठवड्याभरात रोपं डोकं वर काढतात. अवघड आहे ते दसऱ्याच्या सकाळी दाराला तोरण बांधता येईल एवढी फुलं झाडावर असणं. मी पहिल्यांदा झेंडू लावला तेव्हा बी पेरलं गणपती बसले त्या आठवड्यात. रोपं झकास आली, पण दसऱ्याला ती जेमतेम दोन वितींची होती आणि कळीचा पत्ता नव्हता. फुलं आली ती दिवाळी उलटून गेल्यावर. त्या वर्षी तोरणाची फुलं बाजारातूनच आणावी लागली आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण झाडं निरोगी होती, चुकली होती ती फक्त तारीख.

म्हणून या लेखात माती-खतापेक्षा आधी पंचांग येतं. दसऱ्यावरून उलटं मोजत जायचं आणि मग बी पेरायचं. ज्यांना सणाशी देणंघेणं नाही, नुसती फुलं हवीत, त्यांनी पंचांगाचा भाग सोडून दिला तरी चालेल. बाकी सगळं तेच आहे.

आधी मोजणी

बाजारातल्या बहुतेक संकरित आफ्रिकन झेंडूला, म्हणजे ज्याला आपण हारातला मोठा गोंडा म्हणतो त्याला, बी पेरल्यापासून, मध्ये शेंडा खुडणं धरून, भरघोस फुलायला नव्वद ते पंचाण्णव दिवस लागतात. दसरा तारखेने दरवर्षी हलतो. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २० ऑक्टोबरला आहे. त्यामुळे 'जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरा' असा सरसकट सल्ला एका वर्षी बरोबर ठरतो आणि पुढच्या वर्षी पंधरा-अठरा दिवसांनी चुकतो. एका वर्षी फुलं वेळेवर आली आणि दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला पेरूनही चुकली, असं सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यांच्या गोंधळाचं कारण हेच.

तिथी धरली की हा घोळ मिटतो. आषाढी एकादशी ते दसरा यांत साधारण ८७-८८ दिवस असतात. २०२५ मध्ये ६ जुलै ते २ ऑक्टोबर, २०२६ मध्ये २५ जुलै ते २० ऑक्टोबर. म्हणून माझा नियम सरळ आहे : माऊलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरल्याची बातमी आली की बी पेरायचं. एकादशीच्या पाच ते सात दिवस आधी. रोपं कुंडीत हलवायची दिव्याच्या अवसेला, म्हणजे आषाढ अमावास्येला, किंवा एक-दोन दिवस आधी. शेंडा खुडायचा नारळी पौर्णिमेला, दसऱ्याला त्रेपन्न-चोपन्न दिवस उरलेले असताना. गौरी-गणपतीत फांद्या भरायला लागतात, अनंत चतुर्दशीच्या आसपास बारीक कळ्या दिसतात, आणि घटस्थापनेला काही कळ्यांनी रंग दाखवलेला असला की समजायचं, आपण वेळेत आहोत.

या हिशेबाला एकच अपवाद आहे. आषाढ आणि आश्विन यांच्या मध्ये अधिक महिना आला तर तो फसतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. तेव्हा आषाढी २९ जूनला आणि दसरा थेट २४ ऑक्टोबरला, मध्ये ११७ दिवस. अशा वर्षी आषाढी विसरायची आणि दसऱ्यापासून ९५ दिवस मागे मोजायचे.

दिवाळीसाठी वेगळी पेरणी लागत नाही. लक्ष्मीपूजन दसऱ्यानंतर तीनएक आठवड्यांनी येतं, आणि दसऱ्याची फुलं काढून झाडाला नीट खाऊपिऊ घातलं तर तीच झाडं दुसरा बहर देतात.

तरीही सगळं बी एकाच दिवशी पेरू नका. अर्धं ठरल्या दिवशी, अर्धं आठ दिवसांनी. पाऊस लांबला, ऊन कमी पडलं तर झाडं मागे पडतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे हमखास होतं. तिथे मी तर पहिली पेरणी आणखी चार-पाच दिवस आधी घ्यायला सांगेन.

कोणता झेंडू

घरासाठी दोनच प्रकार ध्यानात ठेवा. आफ्रिकन झेंडू उंच वाढतो, अडीच-तीन फुटांपर्यंत, फूल मोठं, गच्च, केशरी किंवा पिवळं. हारा-तोरणाचा तो. फ्रेंच झेंडू बुटका, फुटभराचा, फुलं लहान, पिवळी-तांबूस-किरमिजी, पाकळीला मखमलीची झाक. पुष्कळ ठिकाणी त्याला मखमल किंवा मखमली झेंडू म्हणतात. तो बाल्कनीत शोभतो, लवकर फुलतो आणि फारसं काही मागत नाही. पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आत फुलं येतात, म्हणून दसऱ्यासाठी नारळी पौर्णिमेच्या दोन आठवडे आधी पेरला तरी पुरतो. पहिल्यांदाच कुंडीत काही लावत असाल तर दोन कुंड्या मखमलीच्या लावाच. मोठा गोंडा रुसला तरी देवाला वाहायला फूल हाती राहतं.

नावं 'आफ्रिकन' आणि 'फ्रेंच' असली तरी दोन्ही मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकानंतर ते आपल्याकडे आले असं मानतात. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मरणाचा सण असतो आणि त्या वेदीवर हेच केशरी फूल रचतात. इतक्या दूरच्या दोन समाजांनी एकाच ऋतूतल्या सणाला हेच फूल निवडावं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. यामागे झाडाचा स्वभाव आहे. दिवस लहान व्हायला लागले की मोठ्या झेंडूला कळी धरायची घाई होते, आणि उत्तर गोलार्धात ते दिवस म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर.

बी घेताना पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिलेलं आहे का ते पाहा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा नारंगी गेंदा' आणि 'पुसा बसंती गेंदा' या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, जाती फार चांगल्या आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं, पण त्या सावकाश चालतात. पुसा नारंगीला फुलायला १२५ ते १३६ दिवस लागतात, पुसा बसंतीला त्याहून थोडे जास्त. त्या दसऱ्याला हव्या असतील तर पेरणी मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत उरकायला हवी. आषाढीचा हिशेब त्यांना लागू नाही.

बागेत 'कॅलेंडुला' नावाचं झेंडूसारखंच फूल मिळतं. ते वेगळं झाड आहे, थंडीतलं. नर्सरीवाल्याला पान दाखवायला सांगा. झेंडूचं पान पिसासारखं कातरलेलं असतं आणि चुरगाळलं की उग्र वास येतो. कॅलेंडुलाचं पान साधं, लांबट.

किती झाडं लावायची

तीन फुटांच्या दाराला आंब्याच्या पानांबरोबर ओवलेलं तोरण करायला मला पंचवीस-तीस फुलं लागतात. नीट खुडलेल्या कुंडीतल्या एका झाडावर एका वेळी आठ-दहा फुलं पूर्ण उमललेली मिळतात. म्हणजे एका तोरणाला चार झाडं, गाडीला हार आणि देव्हारा धरून सहा-सात. दोन-चार रोपं मरतात हे गृहीत धरून मी दहा तयार करते. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात, तेव्हा बी कमी पडायची चिंता नको.

बी पेरणं

झेंडूचं बी म्हणजे बारीक काळी काडी आणि तिच्या टोकाला फिकट केसांचा झुपका. ते भिजत घालायची गरज नाही. पसरट ट्रे, आइस्क्रीमचा डबा, काहीही चालतं, फक्त तळाला भोकं हवीत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या, ओलं करा, बोटभर अंतरावर बिया आडव्या ठेवा आणि वरून पाव इंचापेक्षा जास्त थर देऊ नका. खोल पुरलेलं बी उगवत नाही, असं दरवर्षी कुणी ना कुणी तक्रार करतं. झारीने किंवा फवाऱ्याने पाणी द्या. चार ते सात दिवसांत उगवण होते.

उगवताक्षणी ट्रे उजेडात न्या. खिडकीच्या आत ठेवलेली रोपं उजेडाकडे ताणली जातात, देठ दोऱ्यासारखा होतो आणि मग ती कधीच धड होत नाहीत. पावसात ट्रे वळचणीखाली ठेवा, पण उघड्यावर.

या वयात दोन शत्रू असतात. एक रोपकोलमड : काल ताठ असलेलं रोप आज देठाशी मऊ पडून आडवं झालेलं दिसतं. ही बुरशी आहे आणि ती पाण्याच्या अतिरेकाने येते. झालेलं रोप वाचत नाही, ते मातीसकट काढा, पाणी कमी करा, रोपं दाट असतील तर विरळ करा. पेरायच्या मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. दुसरा शत्रू गोगलगायी. पावसाळ्यात त्या एका रात्रीत अख्खा ट्रे फस्त करतात आणि सकाळी नुसते देठ उरतात. संध्याकाळी ट्रेजवळ ओलं गोणपाट पसरून ठेवा. सकाळी त्याखाली गोगलगायी जमलेल्या सापडतात, त्या वेचून लांब न्या. मिठाचा मारा करू नका, मीठ मातीत उतरून झाडालाच बाधतं.

कुंडी, माती आणि पुनर्लागण

मोठ्या झेंडूला बारा इंची कुंडी, एका कुंडीत एकच झाड. मखमलीला आठ इंची पुरते. जमिनीत लावत असाल तर मोठ्या झेंडूच्या दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा आणि पावसाळा म्हणून गादीवाफा करा. सपाट वाफ्यात पाणी साचतं आणि झेंडूची मुळं दोन दिवसांत कुजतात.

मातीचं माझं प्रमाण : दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. देशावरची काळी माती असेल तर त्यात भरड वाळूही मिसळा, ती नुसती वापरली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट होते. कोकणातल्या जांभ्या मातीतून पाणी झरझर निघून जातं, तिथे वाळू नको, खत थोडं वाढवा. शेणखत कच्चं मात्र कधीच घालू नका. त्यात हुमणी येते आणि मुळं कुरतडते. चांगलं कुजलेलं शेणखत हातात घेतलं तर चहापावडरीसारखं मोकळं वाटतं आणि शेणाचा वास येत नाही.

रोपाला खऱ्या पानांच्या, म्हणजे उगवताना आलेल्या दोन साध्या पानांनंतरच्या कातरलेल्या पानांच्या, तीन-चार जोड्या आल्या, उंची चार-पाच इंच झाली की ते हलवायला तयार. पेरल्यापासून बावीस ते सव्वीस दिवस. संध्याकाळी हलवा. झेंडूच्या देठाला मातीत गाडलं की मुळं फुटतात, म्हणून रोप ट्रेत होतं त्यापेक्षा दीड-दोन इंच खोल बसवा, खालची पानं काढून. लांबुडकी झालेली रोपंही अशी थोडीफार सावरतात. दोन दिवस सावलीत, मग उन्हात.

ऊन, आणि उत्तरेच्या बाल्कनीची फसगत

सहा तास थेट ऊन. याला पर्याय नाही. खतं बदलून, औषधं मारून उन्हाची भरपाई होत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्यामुळे पुष्कळांची मेहनत वाया जाते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तरेच्या बाल्कनीत ऊन येतं आणि वाटतं, जागा छान आहे. ऑगस्टपासून सूर्य दक्षिणेकडे सरकतो, आणि ऐन कळ्यांच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ती बाल्कनी सावलीत जाते. दक्षिणेच्या बाल्कनीचं नेमकं उलट : पेरणीच्या वेळी अंधारी वाटते आणि दसऱ्याला उन्हाने भरते. तेव्हा जागा जूनच्या उन्हावर ठरवू नका. मागच्या ऑक्टोबरमध्ये तिथे कपडे वाळत होते का ते आठवा. दक्षिण आणि पश्चिम उत्तम, पूर्व चालेल, उत्तर असेल तर गच्चीवर जागा मागा किंवा सोसायटीच्या आवारात कुंड्या ठेवायची परवानगी घ्या.

आणि रात्रीचा उजेड. मोठ्या झेंडूला लांब रात्र हवी असते. बाल्कनीतला दिवा रात्रभर कुंडीवर जळत राहिला तर कळी धरायला उशीर होऊ शकतो. दिवा मालवा, किंवा कुंड्या त्याच्या झोतातून बाजूला घ्या.

शेंडा खुडणं

नवख्या माणसाचा हात इथेच थरथरतो. रोप नुकतं कुठे दमदार दिसायला लागलेलं असतं आणि त्याचा शेंडा तोडायचा! पण ज्यांनी तोडला नाही त्यांच्या झाडावर एक भलंमोठं फूल येतं, बाजूच्या फांद्या रोडावतात, आणि पहिल्या जोरदार सरीत ते डोकेजड झाड लवंडतं.

असं का होतं? शेंड्याच्या टोकाशी तयार होणारं संप्रेरक खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यांतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा दाब उठतो आणि सगळे डोळे एकदम फुटतात. एका खोडाच्या जागी सहा-आठ फांद्या आणि प्रत्येक फांदीला फूल.

रोप आठ-दहा इंचांचं झालं, पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की वरची एक जोडी नखाने किंवा स्वच्छ कात्रीने खुडा. खाली निदान चार जोड्या राहू द्या. नारळी पौर्णिमेच्या आत शेंड्यात कळी दिसत असेल तर कळीसकट खुडा, वाईट वाटून घेऊ नका. खुडल्याने बहर दहा-बारा दिवस पुढे जातो, तेवढे दिवस वरच्या हिशेबात धरलेलेच आहेत. मात्र दसऱ्याला पंचेचाळीस दिवसांहून कमी उरले असतील तर आता खुडू नका. आहे तसं वाढू द्या आणि काठीचा आधार द्या. फुलं कमी येतील, पण सणाला येतील. मखमली झेंडू स्वतःच फांद्या करतो, त्याला खुडायची गरज नाही.

खुडलेला शेंडा टाकू नका. तीन-चार इंचांचा असेल तर खालची पानं काढून ओल्या कोकोपीटमध्ये किंवा वाळूत खोचा, सावलीत ठेवा. पंधरवड्यात मुळं धरतो. कलकत्त्याकडे व्यापारी लागवडीत अशाच फाट्यांपासून रोपं करतात. ही झाडं बुटकी राहतात आणि दिवाळीला कामी येतात.

पाणी, पाऊस, खत

बोट मातीत दोन पेरं घाला. ओलं लागलं तर पाणी नको. पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी द्यावं लागत नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात कुंडीला सकाळ-संध्याकाळ लागतं. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. कुंडीखाली बशी असेल तर पावसाळ्यापुरती काढून ठेवा.

फुलं उमलायला लागली आणि परतीचा पाऊस आला, हा प्रसंग बहुतेक वर्षी येतोच. गच्च फुलात पाणी भरतं, फूल आतून तपकिरी होऊन सडतं आणि वजनाने फांदी मोडते. सर थांबली की झाड हलकेच हलवून पाणी झाडा. कुंडी असेल तर वळचणीला घ्या. काठी आणि सुतळीचा आधार पावसाच्या आधीच हवा. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा, म्हणजे खोड काचत नाही.

खताबाबत मी हात आखडताच ठेवा असं सांगेन. झेंडूला जास्त नत्र (नायट्रोजन) मिळालं की झाड हिरवंगार, पाच फुटी, देखणं होतं आणि फूल देत नाही. शेंडा खुडल्यावर मूठभर गांडूळखत, तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढंच, बुंध्याशी मातीची भर देऊन. कळ्या दिसल्या की नत्राचं काहीही घालू नका, युरिया तर मुळीच नको. ०:५२:३४ (नत्र शून्य, बाकी स्फुरद आणि पालाश) हे पाण्यात विरघळणारं खत कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा दिलं की पुरे. सेंद्रियच करायचं असेल तर तेही चालतं, फुलं थोडी लहान होतात इतकंच.

कीड आणि रोग

पानं वरून फिकट, बारीक ठिपक्यांची दिसतात आणि खालून जाळीसारखा तंतू असतो, ती लाल कोळी. पाऊस थांबून ऊन तापलं की ती येते आणि फार वेगाने पसरते. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन दिवस सलग मारा, सकाळी, म्हणजे पानं दुपारपर्यंत वाळतात. पानांवर पाणी नको हा वरचा नियम एवढ्यापुरता मोडायचा. जाळी झालेला शेंडा कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यावर दिसतात. लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब, संध्याकाळी फवारा. उमललेल्या फुलांवर फवारू नका, सकाळी तिथे मधमाश्या येतात. कळीला भोक आणि आत हिरवी अळी सापडली तर हाताने वेचा. कुंडीत आठ-दहा झाडं असताना अळीसाठी विष आणायचं कारण नाही. पानांवर काळपट ठिपके, करपा, दिसला की खालची रोगट पानं काढा, कुंड्या एकमेकींपासून लांब करा. पिठासारखी पांढरी भुरी थंडीच्या तोंडाला येते, तोवर आपलं काम झालेलं असतं.

झेंडूला कीड येते म्हणून त्याला भाज्यांपासून लांब ठेवू नका, उलट जवळ आणा. त्याच्या मुळांतून निघणारी द्रव्यं मातीतल्या सूत्रकृमींना (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींना) मारक असतात, आणि टोमॅटोची फळं पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूच्या कळीवर अंडी घालणं पसंत करतो. म्हणून शेतकरी टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. गच्चीवर दोन टोमॅटोंच्या मध्ये एक झेंडू पुरतो, फक्त त्या झेंडूवरच्या अळ्या नेमाने वेचायला हव्यात.

तोडणी

फूल पूर्ण उमलू द्या. मधल्या पाकळ्या अजून मुठीसारख्या मिटलेल्या असतील तर ते हारात लवकर मलूल होतं. खंडेनवमीला शस्त्रं, हत्यारं, यंत्रं पुजायची असतील तर आदल्या संध्याकाळी, दसऱ्यासाठी नवमीच्या संध्याकाळी तोडा. दुपारी झाडाला भरपूर पाणी द्या आणि ऊन उतरल्यावर कात्रीने कापा, ओढू नका. ओलं फूल साठवू नका. परडीत एकाच थरात पसरून ओलसर कापडाने झाकलं तर सकाळपर्यंत ताजं राहतं.

काहींच्या हाताला झेंडूच्या रसाने खाज येते. तसं असेल तर हातमोजे घाला, निदान उन्हात फुलं तोडू नका.

दसऱ्याची फुलं काढल्यावर झाडाला मूठभर गांडूळखत द्या, वाळकी फुलं आणि रोगट पानं काढून टाका. वाळकं फूल झाडावर ठेवलं की झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या थांबवतं. दिवाळीपर्यंत हे दर दोन दिवसांनी करा.

बी धरणं

दिवाळी झाली की सगळ्यात चांगल्या झाडावरची तीन-चार फुलं तोडू नका. झाड निवडताना फुलाच्या आकाराबरोबर ते किती लवकर फुललं हेही पाहा. पाकळ्या वाळून तपकिरी झाल्या, फुलाखालचा हिरवा पेला पिवळट कोरडा झाला की ते कापा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि चुरगाळा. टणक काळ्या काड्या ठेवा, पोचट वाकणाऱ्या फेका. विकतच्या हारातलं बी कधी उगवलं नाही तर त्याचं कारण बहुधा हेच : फूल तोडलं तेव्हा बी भरलेलंच नसतं.

संकरित झाडाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी सगळी झाडं सारखी येणार नाहीत. काहींची फुलं एकेरी पाकळ्यांची, काही उंचच उंच, काहींचा रंग भलताच. तोरणासाठी भरवशाची झाडं हवीत म्हणून मी दरवर्षी निम्मं बी विकत घेते. उरलेल्या निम्म्यात स्वतःचं पेरते, आणि त्यातलं जे झाड आवडेल त्याचंच पुन्हा धरते. अशी चार-पाच वर्षं निवड केली की घरचा झेंडू बराचसा एकसारखा होत जातो.

बी कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर रंग आणि वर्ष लिहा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर राहिलेलं बी पावसाळ्याच्या दमट हवेत बुरसतं. आणि वापरताना जुनं बी आधी काढा. त्याच्या दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून आठवडाभर ठेवा. पाचहून कमी उगवल्या तर पेरताना बी दुप्पट घ्या. ही परीक्षा वारी निघाली की लगेच करून टाका, म्हणजे पालखी धर्मपुरीला पोचेपर्यंत नवं बी आणायला वेळ हातात राहतो.